नवव्या प्रकरणातली मासोळी

“बटनावरचा हात काढ, आई.”

“नाई काढत.”

“अब्रार अर्ध्या घंट्यापासून बसून आहे. त्याले दुकान उघडाचं आहे.”

“मंग जाऊ दे ना त्याले. म्या बलावलं होतं का?”

संघर्षने मान वळवून बायकोकडे पाहिलं. “हे सगळं हिच्यापायी. नवीन व्हर्जन उतरवाले कोनं सांगतलं होतं हिले? नेटवरून काहीबाही टाकलं, घुसला व्हायरस.”

“व्हायरस नाई आहे तो,” दीपा स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होती. “व्हायरस असता तं बाकीची आठ प्रकरणं उघडली असती का?”

“तू इंजिनिअर आहे का?”

“मी बी.एस्सी. आहे. तुमी काय आहे?”

अब्रारला हसू आलं. ते लपवायला त्याने स्क्रूड्रायव्हर दातात धरला.

मार्चअखेरचा रविवार होता. लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वस्तीत मनवरांचं तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा, आणि खाली फरशीवर झाकण काढून ठेवलेला त्याचा डबा. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अब्रार त्या डब्यासमोर मांडी घालून बसला होता. कौसल्या मनवर भिंतीशी उभी. उजव्या हाताला कणीक, डावा हात भिंतीतल्या बटनावर. बटन बंद होतं आणि तिच्या हाताखाली ते बंदच राहणार होतं. दिवाणावर तिचा नवरा धर्मपाल लायटिंगची जुनी माळ मांडीवर घेऊन बसला होता. चौदा एप्रिलच्या जयंतीला दोन आठवडे राहिले होते आणि वस्तीतल्या सगळ्या माळा दरवर्षीप्रमाणे त्याच्याकडे दुरुस्तीला आल्या होत्या. भांडणात तो अजून कोणाच्याच बाजूने बोलला नव्हता.

“काकू, टेन्शन नका घेऊ,” अब्रार म्हणाला. “डाटा पेनड्राइव्हमधी घेऊन घेतो, फॉरमॅट मारतो, दोन घंट्यात मशीन एकदम नवी करून देतो.”

“मागच्या टायमाले बी तू असंच म्हनलं होतं.”

अब्रार खाली पाहून स्क्रू गोळा करायला लागला. मुलगा चांगला होता, हाताचाही आणि मनाचाही. त्याचे वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, त्यामुळे यंत्राची भीती त्याला लहानपणापासून नव्हती. पण त्याच्याकडे औषध एकच होतं. कॉम्प्युटर हळू चालतो, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. एकदा एका शाळेच्या प्रिंटरमधली शाई संपली होती, तेव्हाही त्याने आधी कॉम्प्युटर फॉरमॅट केला होता आणि मग शाई आणायला गेला होता.

पाच वर्षांपूर्वी त्याने कौसल्याचा कॉम्प्युटर असाच धुऊन पुसून नवा करून दिला होता. सगळ्या फायली परत आल्या. चिन्हांची नावं तेवढी आली नाहीत.

ही नावं म्हणजे कौसल्याचं खरं भांडवल. ती गणिताचा मजकूर टाइप करते. कॉलेजच्या प्रश्नपत्रिका, शिकवणीवाल्यांच्या नोट्स, पीएच.डी.चे प्रबंध. यवतमाळात मराठी टाइप करणारे गल्लोगल्ली आहेत, पण समीकरण आलं की ते कागद परत करतात आणि सांगतात, मनवरबाईंकडे जा. ती वापरते तो प्रोग्राम फुकटचा आहे, जगभरातली काही माणसं आपापल्या घरी बसून तो बनवतात. त्यात ज्या त्या चिन्हाला आपण नाव देऊ शकतो. नाव टाइप केलं की चिन्ह हजर. कौसल्याने एकशे चौदा चिन्हांना नावं दिली होती, आणि ती नावं गणिताची नव्हती. लांबट वाकडं चिन्ह ते ‘आकडा’, बोराची फांदी खाली ओढायला लावतात तसा. उभा आठ आडवा पडला तर ‘झोपला आठ’. टोकावर उभा त्रिकोण तो ‘समोसा’. आणि शेपटीच्या जागी रेघा एकमेकींना कापतात तो ग्रीक अल्फा, ती ‘मासोळी’. अब्रारच्या फॉरमॅटमध्ये ही एकशे चौदा नावं कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फायलीसोबत गेली. ती परत बसवायला तिला दोन महिने लागले.

कौसल्याला गणित येत नाही. हे ती कोणापासून लपवतही नाही. ती राजूरची. वडील कोळशाच्या खाणीत होते, घरात पाच भावंडं. दहावीत गणितात ती नापास झाली, बाकी सगळ्या विषयांत पास. वडिलांनी तिला वणीला टायपिंगच्या क्लासला घातलं, आणि लग्न होऊन यवतमाळला आल्यावर त्या टायपिंगवर तिला एका छापखान्यात काम मिळालं. तिथे इकबालभाई नावाचे म्हातारे कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवण्याचा काळ संपला होता, पण मालकाने त्यांना काढलं नव्हतं. गणिताचा मजकूर आला की बाकीचे पळायचे, म्हणून इकबालभाईंनी तो नव्या मुलीला शिकवला. “बेटी, समजाचं नाई, पाहाचं,” ते म्हणायचे. “मास्तरनं अक्षराखाली नागमोडी रेघ मारली म्हंजे त्याले तो अक्षर जाडा पाह्यजे. पेनानं जाडा लिहिता येत नाई ना, म्हनून रेघ मारतात. रेघ छापाची नाई, अक्षर जाडा कराचा.” पहिल्याच आठवड्यात कौसल्याने एका प्रश्नपत्रिकेत अक्षरांखाली सुंदर नागमोडी रेघा छापल्या होत्या, त्यानंतरचं हे शिक्षण.

छापखाना बंद पडला तेव्हा संघर्ष पंधरा वर्षांचा होता. कौसल्याने कॉम्प्युटर घरी आणला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

आणि आता संघर्षला तो हवा होता. लोहारा नाक्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारच्या दुकानदाराने ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला सुरुवात केली होती, तर आपणही करावं असं सहा महिन्यांपासून त्याच्या डोक्यात होतं. आईचा कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा, दुकानात न्यायचा, आईने आता आराम करायचा. ही योजना त्याने घरात अजून पूर्ण सांगितली नव्हती. नववं प्रकरण उघडेनासं झालं तेव्हा ती आपोआप पूर्ण झाली.

“हा घरात असून काय कराचा?” तो म्हणाला. “चालू केला की बंद पडते. तुह्यं काम तं बसलंच आहे. दुकानात नेला तं कामाचा तरी होईन.”

“कॉम्प्युटर बंद पडत नाई,” कौसल्या म्हणाली. “एक फाइल बंद पडते.”

“एकच का असंना. लास्टची आहे ना? मंग पुस्तक होनार आहे का पुरं?”

कौसल्या बटनाला आणखी चिकटून उभी राहिली.

पुस्तक इंद्रजित आडे सरांचं होतं. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचे, तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. सदिशांवर, म्हणजे ज्या राशींना आकारासोबत दिशाही असते त्यांच्यावर, मराठीत पुस्तक लिहीत होते, आश्रमशाळेतून अकरावीला येणाऱ्या मुलांसाठी. सदिशाचं अक्षर जाडं छापायचं असतं आणि साध्या, म्हणजे अदिश राशीचं बारीक. वीस वर्षांपूर्वी सरांचं एक पुस्तक बाहेरगावच्या कोणा छापखान्याने छापलं होतं, त्यात सगळीच अक्षरं बारीक आली. मुलं सगळ्या बेरजा चुकीच्या करत राहिली आणि सर वर्षभर प्रत्येक वर्गात उभे राहून माफी मागत राहिले. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं होतं: प्रत्येक जाडं अक्षर मी माझ्या डोळ्यांनी पाहीन, मगच पुस्तक छापायला जाईल.

पण आता डोळे अधू झाले होते. कागदावरचं त्यांना दिसत नव्हतं. दर गुरुवारी ते ऑटोने यायचे, खुर्ची पडद्याला चिकटवून बसायचे, आणि कौसल्या अक्षरं तिप्पट मोठी करून द्यायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. दीपा चहा ठेवायची तो गार व्हायचा.

चौथ्या प्रकरणाच्या वेळी कौसल्या त्यांना म्हणाली होती, “सर, इथं बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जाडा आहे आन उजवीकडं सगळे बारीक. अख्ख्या पुस्तकात असं कुठंच नाई.” सरांनी नाक पडद्याला लावून पाहिलं. नागमोडी रेघ मारायची त्यांच्याकडूनच राहून गेली होती. “मनवरबाई, सदिश बरोबर अदिश होऊच शकत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. “कोनी नाई. विचित्र दिसून राह्यलं होतं,” ती म्हणाली. सर पुढच्या गुरुवारी संत्री घेऊन आले.

नवव्या प्रकरणात मात्र पंचाईत झाली. फिरणाऱ्या वस्तूंचं प्रकरण. त्यात ग्रीक अक्षरं फार, आणि प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत ग्रीक अक्षर जाडं केलं तरी पडद्यावर बारीकच दिसायचं. कागदावर छापलं की जाडं. कौसल्याने छापून दाखवलं, पण सरांना कागद दिसेना आणि पडद्यावर जाडं दिसेना. “इथे चुकलंय. इथेही चुकलंय,” असं म्हणत त्यांनी तीसेक जागा सांगितल्या. शेवटी दीपानेच शोध लावला की नव्या आवृत्तीत ग्रीक अक्षरंही पडद्यावर जाडी दिसतात. तिने ती उतरवून घेतली. पहिली आठ प्रकरणं झकास उघडली. नववं उघडलं की दोन सेकंद पहिलं पान दिसायचं आणि प्रोग्राम आपोआप बंद. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच.

“गुरुवारी सर येनार आहे,” कौसल्या म्हणाली. बटनावरचा हात तिने काढला नव्हता. “गुरुवारपर्यंत मले टाइम द्या. नाई जमलं तं ने दुकानात. मी एक शब्द बोलनार नाई.”

“पक्कं?”

“पक्कं म्हंजे पक्कं.”

संघर्षने अब्रारकडे पाहिलं. अब्रारने डब्यावरची धूळ फुंकली, झाकण बसवलं आणि स्क्रू आवळले. जाताना तो कौसल्याला हळूच म्हणाला, “काकू, ते नावांची फाइल कुठं राह्यते ते सांगा कधी. मागच्या टायमाचं मले बी वाईट वाटलं होतं.”

तो गेल्यावर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. दीपा पोळ्या लाटत होती. लग्नाला आठ महिने झाले होते तिच्या, आणि या घरात तिच्या हातून काही मोडलं असा आरोप पहिल्यांदाच झाला होता.

“तू कायले रडतं?” कौसल्याने विचारलं.

“रडत नाई. कांदा आहे.”

कांदा कुठेच नव्हता. कौसल्याने तवा आपल्याकडे ओढला. “तुह्या व्हर्जननं झालं असन तं झालं. पाहू.”

जेवणं झाल्यावर दोघी टेबलाशी बसल्या. फाइल प्रोग्राममध्ये उघडत नसली तरी साध्या नोटपॅडमध्ये उघडते, हे दीपाला माहीत होतं. उघडली. चौदाशे ओळी. मराठी वाक्यं, त्यांच्यामध्ये इंग्रजी आज्ञा, कंस, उलट्या तिरक्या रेघा. ह्या चौदाशेपैकी कुठल्यातरी ओळीत काहीतरी असं होतं की ते वाचताच प्रोग्राम मान टाकत होता. दीपा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. तासाभरात साठ ओळी झाल्या आणि तिचे डोळे चुरचुरायला लागले.

दिवाणावर धर्मपालने माळेचं एक टोक प्लगमध्ये घातलं. माळ पेटली नाही. त्याने ती फरशीवर लांब पसरवली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोटांनी अंदाज घेतला, बरोबर मधला बल्ब काढला आणि तिथे टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध. दिवा लागला नाही. मग त्या दोहोंच्या मधोमध.

“तुमी एकेक बल्ब काहून पाहत नाई?” कौसल्याने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

“चाळीस बल्ब आहे. एकेक पाहून राह्यलो तं जयंती होऊन जाईन.” त्याने मान वर केली नाही. “मधात पाहाचं. करंट आला म्हंजे इकडची अर्धी माळ चांगली, ते सोडून द्याची. मंग राह्यलेल्याच्या मधात. पाच-सहा डावात सापडते.” एक लाल बल्ब त्याने काढला, कानाशी हलवला, आतली तार खुळखुळली. “हा पाह्य. कंपनीच्या स्टोअरमधी बी मी असंच सामान शोधतो. मॅनेजरले वाटते, मले सगळं तोंडपाठ आहे.”

सासू-सुनांनी एकमेकींकडे पाहिलं.

“आई, सातशे ओळी काढून टाकू?”

“आधी दुसऱ्या नावानं ठेव. मूळच्या फाइलले हात लावाचा नाई.”

दीपाने मागच्या सातशे ओळी काढल्या, उरलेल्या नव्या नावाने ठेवल्या, प्रोग्राममध्ये उघडल्या. उघडल्या. चांगल्या उघडल्या, मराठी, समीकरणं, जाडे ओमेगा, सगळं जागेवर. “पयली अर्धी चांगली,” कौसल्या म्हणाली आणि पाटीवर खडूने रेघ मारली. मागच्या सातशेंपैकी पहिल्या साडेतीनशे घेतल्या. पहिलं पान दिसलं, एक, दोन, आणि प्रोग्राम बंद.

“ह्यात आहे!” दीपा इतक्या मोठ्याने ओरडली की धर्मपालच्या हातातला बल्ब पडला.

मग त्याचे दोन तुकडे, मग त्याचे दोन. कधी तुकडा मधल्याच कंसात तुटायचा आणि प्रोग्राम भलतीच तक्रार करायचा, तेव्हा दोन ओळी मागे-पुढे सरकून पुन्हा. चहा झाला. धर्मपाल दुरुस्त माळ खांद्यावर टाकून वस्तीत देऊन आला. संघर्ष दुकानातून जेवणाचा रिकामा डबा ठेवायला येऊन गेला, दारातूनच म्हणाला, “काई झालं का?” आणि उत्तराला न थांबता गेला. सूर्य मावळायच्या आत नवव्या तुकड्यात तीन ओळी उरल्या.

त्यात एक उपप्रकरणाचं शीर्षक होतं. ‘कोनीय त्वरण’, आणि पुढे त्याचं चिन्ह. जाडी मासोळी.

कौसल्याने ओळ नीट पाहिली. जाडं करायची आज्ञा एकदा होती. तिच्या आत तीच आज्ञा पुन्हा एकदा होती.

“हे माह्यं काम आहे,” ती म्हणाली.

“म्हंजे?”

“सरले पडद्यावर जाडं दिसून नाई राह्यलं ना, त्या दिवशी. मले वाटलं, एक हात बसला नसन. भिंतीले चुना बसला नाई तं आपन दुसरा हात मारतो ना? म्या दुसरा हात मारला. जेवढ्या जागा सरनं सांगतल्या, तेवढ्या तीसबी जागांवर मारला.” तिने चष्मा काढून पदराला पुसला. “तवाबी दिसला नाई. मंग ते काढाचं राहून गेलं.”

“पन बाकीच्या एकोनतीस जागांनी बंद पडलं नाई. हीच काहून?”

ते दीपाला सोमवारी कळलं. बाकीचे दुहेरी जाडे मजकुरात होते. ही एकटी शीर्षकात. नवी आवृत्ती फाइल उघडताच सगळी शीर्षकं गोळा करून डाव्या बाजूला त्यांची यादी लावते, म्हणजे लेखकाला कुठूनही कुठे जाता यावं. त्या यादीत चिन्ह नेताना जाड्याच्या आत जाडा आला की तिचा पाय अडकायचा. दीपाने तीन ओळींची एक वेगळी फाइल केली. दुसरं काही नाही, फक्त मासोळीचं शीर्षक. तीही बंद पडली. एक आज्ञा काढली, फाइल उघडली. पुन्हा घातली, बंद.

“म्हंजे माह्यं चुकलं,” कौसल्या म्हणाली.

“तुमचं चुकलंच. पन आपन चुकीचं लिहिलं तं त्यानं तसं सांगाव, मरून कायले जाव?”

हे कौसल्याला पटलं. चूक केली म्हणून भाजी खारट होते, गॅस फुटत नाही. तिने दीपाला कागद-पेन घेऊन बसवलं. पत्र मराठीत सांगितलं, दीपाने इंग्रजीत केलं. आम्ही यवतमाळहून लिहितो. आम्ही अकरा वर्षांपासून तुमचा प्रोग्राम वापरतो. शीर्षकात जाड्याच्या आत जाडा टाकला की फाइल उघडताच सगळं बंद पडतं. तसं टाकणं ही आमची चूक आहे, पण तरी बंद पडू नये. तीन ओळींची फाइल सोबत जोडली आहे. “आन लिही,” कौसल्या म्हणाली, “जाडे अक्षर आता पडद्यावर दिसते, ते लय चांगलं केलं. आमच्या सरले दिसते.”

“हे कायले लिहाचं? हे तक्रारीचं पत्र आहे.”

“मंग? तक्रार केली म्हंजे चांगलं सांगू नाई का?”

दीपाने ते लिहिलं. खाली नाव घातलं कौसल्या मनवर, आणि कौसल्याने तिच्या हातातून पेन घेऊन त्याखाली दीपा मनवर असंही लिहून दिलं. मग दीपाने ते टाइप करून ईमेलने पाठवलं.

बुधवारी उत्तर आलं. लिहिणारा कुठल्यातरी थंड देशातला होता. त्याने लिहिलं होतं की शीर्षकांच्या यादीमुळे बंद पडण्याच्या तक्रारी दोन महिन्यांपासून येत होत्या, पण लोक दोनशे-दोनशे पानांच्या फायली पाठवत होते आणि नेमकं कुठे बिनसतं ते सापडत नव्हतं. तुमच्या तीन ओळींनी ते वीस मिनिटांत सापडलं. दुरुस्ती केली आहे, पुढच्या आवृत्तीत येईल. आणि एक विनंती होती. नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधी काही लोक ती दर शनिवारी वापरून पाहतात आणि काय मोडतं ते कळवतात. मराठीत इतकं गणित लिहिणारं त्यांच्यात कोणी नाही. तुम्ही कराल का?

दीपाने ते दोनदा वाचून दाखवलं.  कौसल्या उठून टेबलाशी गेली आणि उरलेल्या एकोणतीस जागांवरचा दुसरा हात काढत बसली.

गुरुवारी आडे सर आले. खुर्ची पडद्याला चिकटवली. कौसल्याने नववं प्रकरण उघडलं. एक, दोन, तीन, चार. उघडं राहिलं. मागे दीपाने धरलेला श्वास सोडला. सर पान पान वाचत गेले. ओमेगा, टाऊ, पुन्हा ओमेगा. प्रत्येक जाड्या अक्षराशी थांबून ते बोट उचलत. कापसाच्या जिनिंगमधल्या रोलरचं उदाहरण आलं तेव्हा स्वतःच्याच विनोदावर हसले. मग ते शीर्षक आलं.

“कोनीय त्वरण,” ते म्हणाले. चष्मा कपाळावर चढवला, नाक पडद्याला टेकवलं. “अल्फा. जाडा आहे. चांगला जाडा आहे.”

“मासोळी,” कौसल्या म्हणाली.

“काय?”

“काई नाई सर.”

सर मागे टेकले. “मनवरबाई, छापायला द्या.” आणि मग त्यांनी सात महिन्यांत पहिल्यांदा दीपाचा चहा गरम असताना प्यायला.

संध्याकाळी चौघं जेवायला बसले. संघर्षने पुस्तकाचं ऐकलं होतं, ते त्याला बरंही वाटलं होतं, कारण ते त्याने दुकानात तिघांना सांगितलं होतं. पण पोळीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, “पुस्तक झालं, लय चांगलं झालं. आता तं मोकळीच आहे ना तू? मंग कॉम्प्युटर सोमवारी नेऊ का?”

“जमलं नाई तं ने म्हनलं होतं. जमलं,” धर्मपाल म्हणाला. भांडणातलं त्याचं हे पहिलं वाक्य, चार दिवसांनी.

“आन ते परदेशवाल्याचं?” संघर्षने दीपाला विचारलं. “शनिवारचं? किती देनार आहे ते?”

“काईच नाई. ते बी फुकटच करते.”

“फुकट?” त्याने आईकडे पाहिलं. “फुकट कायले कराचं, आई?”

“तो प्रोग्राम म्या अकरा वर्षं फुकट वापरला, तवा कोनी इचारलं नाई मले, कायले वापरते म्हनून,” कौसल्या म्हणाली. तिने त्याच्या ताटात वरण वाढलं, धर्मपालच्या ताटात वाढलं, दीपाचं ताट पुढे ओढून त्यातही वाढलं आणि मग पातेलं खाली ठेवलं.

“कॉम्प्युटर इथंच राहनार. तुले दुकानात पाह्यजे असन तं तू दुसरा घे, अब्रार जुना पाहून देईन. आन परवा शनिवारपासून सकाळी मी आन दीपा टेबलावर आहो. स्वयंपाकघरात नाई. कणीक मी भिजवून ठेवीन, पोळ्या तुमी दोघं करा.”